ख्रिस्तभूमीची यात्रा आणि आपण राजूरकर

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्रीं जालन्याहून राजूरकडे येणारा रस्ता झोपत नाहीं. सुमारें पंचवीस किलोमीटरांची ती वाट. तिच्यावरून बायाबापड्या, पोरेंबाळें, कांखेंत गांठोडें मारलेले म्हातारे, कित्येक तर अनवाणी पायांनीं गणपतीच्या गडाकडे चालत असतात. महाराष्ट्रांत गणपतीचीं साडेतीन पीठें मानितात, त्यांत राजूरची गणना होते. तेव्हां ही गर्दी नवलाची नव्हे. ती आपल्या दारावरूनच जाते. आपण कोणास तांब्याभर पाणी देतों, कोणास घटकाभर ओट्यावर बसूं देतों. आणि मग घरांतील एखादें लहान मूल हटकून विचारतें, "आपण कोठें चालत जातों?"

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत बहुधा इमारतींची, धर्मगुरूंची आणि वर्गण्यांची हकीगत यावयाची. ती इतर पानांवर येईलच. मला मात्र त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळावयाचें आहे. आपली यात्रेची भूमि म्हणजे बेथलेहेम, नासरेथ, गालीलचें सरोवर, यरुशलेम. तिकडे जाणें पूर्वीइतकें दुर्घट राहिलेलें नाहीं. विमानें आहेत, यात्रेकरूंचे जथे निघतात. परंतु कपाशीच्या पट्टींतून उधारी फिटल्यावर जें हातीं उरतें त्यावर विमानाचें भाडें भागत नाहीं, हेंही तितकेंच खरें. कुटुंबांतील कोणी एक जातो, तोही जन्मांत एकदां. बाकीचे घरीं राहतात. मग घरीं राहिलेल्यांची यात्रा झालीच नाहीं काय? प्रस्तुत लेखकानेंही यरुशलेम पाहिलेलें नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. हा प्रश्न पुरातन आहे, आणि ख्रिस्तसभेनें त्यास दिलेलें उत्तर आपल्या चर्चच्या भिंतींवर टांगलेलें आहे. तें वाचावयास मात्र थोडें मागें जावें लागतें.

ख्रिस्तभूमीच्या यात्रेचें जें सर्वांत जुनें वर्णन आज उपलब्ध आहे, तें फ्रान्सांतील बोर्दो शहराच्या एका अनामिक यात्रेकरूचें. तो इ. स. ३३३ सालीं तेथें पोंचला. मुक्काम आणि अंतरें यांची यादी, अधूनमधून एखाद्या स्थळाची टीप, यापलीकडे त्यानें फारसें लिहिलें नाहीं. बादशहा कॉन्स्टंटाइन प्रभूच्या कबरेच्या जागीं जें मंदिर बांधवीत होता त्याचा अभिषेक पुढें ३३५ सालीं झाला. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानें, ३८१ ते ३८४ च्या सुमारास, पश्चिमेकडून एजेरिया नांवाची एक बाई आली. तिनें आपल्या भगिनींस लिहिलेलें पत्ररूपी वर्णन पुढें हरवलें तें हरवलेंच. १८८४ सालीं इटालींतील आरेझ्झो येथें त्याची एक अपुरी हस्तलिखित प्रत सांपडली. ही बाई मोठी जिद्दीची. सिनाय पर्वत खोगिरावर बसून चढतां येत नाहीं म्हणून ती पायींच चढली. तिची यात्रेची रीत साधी होती : स्थळाशीं पोंचल्यावर आधीं प्रार्थना, मग पवित्र शास्त्रांतील त्या स्थळाचा उतारा मोठ्यानें वाचावयाचा, मग एक स्तोत्र, आणि पुन्हां प्रार्थना. आज जे यात्रेकरू जातात तेही बहुतेक हेंच करितात.

एजेरियेनें लिहून ठेविलेली एक गोष्ट आपणास विशेष जवळची आहे. प्रभूच्या दुःखसहनाच्या आठवड्याच्या आरंभींच्या रविवारीं यरुशलेमचे ख्रिस्ती लोक जैतुनाच्या डोंगरावर जमत. दिवस कलतां तेथून हातांत खजुराच्या व जैतुनाच्या डहाळ्या घेऊन शहराकडे उतरत. ज्यांना चालतां येत नाहीं अशीं तान्हीं मुलेंसुद्धां कडेवरून नेत. पुढें ही मिरवणूक यात्रेकरूंबरोबर देशोदेशीं गेली. म्हणजे झावळ्यांच्या रविवारीं आपण आवारांतून जी फेरी काढितों, ती कोणा पाद्रीसाहेबांनीं शोभेसाठीं योजिलेली नाहीं. ती यरुशलेमच्या एका खऱ्या उताराची वाट आहे. खजूर नाहीं म्हणून आपण शिंदीची किंवा हातीं येईल ती डहाळी घेतों, एवढाच फरक.

त्याच काळांत दुसराही सूर निघाला. नीसाचे बिशप संत ग्रेगरी स्वतः यरुशलेमास जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनीं लिहिलें कीं, जागा बदलल्यानें देव अधिक जवळ येत नाहीं. संत जेरोम ३८६ पासून मरणापर्यंत बेथलेहेमांत राहिले, तेथेंच त्यांनीं पवित्र शास्त्राच्या लॅटिन भाषांतराचें मोठें काम केलें. त्यांनींही एका मित्रास कळविलें कीं, स्वर्गाचें दार यरुशलेमाहून जितकें जवळ तितकेंच ब्रिटनहूनही जवळ. ब्रिटन म्हणजे त्या वेळीं जगाचा शेवट. आपल्या मराठी संतांनीं तीर्थांविषयीं जें परोपरीनें बजावलें, त्याच जातीचा हा उपदेश आहे. मात्र उपदेश करणारे जेरोम स्वतः बेथलेहेम सोडून हलले नाहींत, ही गंमत नजरेआड करूं नये.

ह्या बेथलेहेमाच्या मंदिराचें दार आपल्या लोकांस परकें वाटणार नाहीं. मूळचा भव्य दरवाजा शतकांच्या ओघांत चिणून लहान लहान करण्यांत आला, आणि आतां जें दार राहिलें तें सुमारें चार फुटांचें आहे. राजा असो वा पोप, वांकल्यावांचून आंत जातां येत नाहीं. वांकून आंत जाणें हें आपणास कोणीं शिकवावें? आपल्या जुन्या घरांचीं दारें तशींच होतीं. आंत पायऱ्या उतरून गुहेंत गेलें कीं संगमरवरी फरशींत चौदा टोकांचा चांदीचा तारा बसविलेला आहे. जन्मस्थळ म्हणून तेथें लोक ओठ टेकतात. ख्रिस्ताचा जन्म गुहेंत झाला ही परंपरा दुसऱ्या शतकाइतकी जुनी आहे. युरोपांतील चित्रकारांनीं लांकडी फळ्यांची सुबक झोपडी काढून आपली समजूत थोडी बिघडविली. एका अंगास माणसें, एका अंगास जनावरें, मधें गव्हाण, असें घर ज्यानें पाहिलें आहे त्यास बाळाला गव्हाणींत कां निजविलें हें चित्रावांचूनही कळतें.

यरुशलेमांतील कबरेच्या मंदिराचा इतिहास मात्र सुखाचा नाहीं. ६१४ सालीं इराणी फौजांनीं तें जाळलें, १००९ सालीं खलिफा हाकिमच्या हुकुमानें पाडलें गेलें, पुन्हां उभारलें, क्रूसयुद्ध करणाऱ्यांनीं वाढविलें व ११४९ सालीं त्याचा अभिषेक झाला, १८०८ सालीं आग लागली, १९२७ सालीं भूकंपानें हादरलें. आणि याहून मोठें दुःख घरांतलें आहे. लॅटिन, ग्रीक, आर्मेनियन, कॉप्ट, सुरियानी आणि इथिओपियन असे सहा पंथ त्या एका छपराखालीं नांदतात. कोणाची वेदी कोठली, कोणाची उपासना कोणत्या घटकेस, कोणत्या पायरीवर कोणाचा झाडू, हें सारें एकोणिसाव्या शतकांत ठरलेल्या 'जैसे थे' कराराप्रमाणें चालतें. मंदिराच्या दर्शनी भागावर खिडकीखालीं एक लांकडी शिडी कित्येक पिढ्या उभी आहे, कारण ती काढण्याचा हक्क कोणाचा यावर एकमत नाहीं. दाराची किल्ली आणि दार उघडण्याचें काम शतकानुशतकें दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. आपण मराठी माणसें यास एकाच शब्दांत भाऊबंदकी म्हणूं. बांधाच्या वीतभर जागेवरून भावाभावांत कोर्ट चढलेलें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनीं यरुशलेमास हंसूं नये. पण ज्या जागीं प्रभूनें सर्वांसाठीं प्राण दिला त्याच जागेची अशी वांटणी झालेली ऐकून मान खालीं जाते, हें कबूल केलें पाहिजे.

आतां भिंतीवरच्या उत्तराकडे येऊं. तेराव्या शतकापासून फ्रान्सिस्कन संन्यासी त्या भूमींत आहेत. संत फ्रान्सिस स्वतः १२१९ सालीं क्रूसयुद्धाच्या धामधुमींत इजिप्तच्या सुलतानास निःशस्त्र जाऊन भेटले होते. पोप सहावे क्लेमेंट यांनीं १३४२ सालीं पवित्र स्थळांची राखण रीतसर त्यांच्या संघाकडे सोंपविली. यरुशलेमच्या गल्ल्यांतून प्रभूनें क्रूस वाहिला त्या वाटेनें यात्रेकरूंस ते नेत. परंतु युरोपांतील शेतकरी, विणकर, विधवा यांना समुद्रप्रवास परवडत नव्हता. वाटेंत चांचे, रोगराई, कैद. त्यांच्यासाठीं घरच्या चर्चमध्येंच ती वाट मांडण्याचा प्रघात वाढूं लागला. पोप बारावे क्लेमेंट यांनीं १७३१ सालीं सर्व चर्चमध्यें क्रुसाची वाट स्थापण्यास परवानगी देऊन स्थानांची संख्या चौदा ठरविली. पोर्तो मॉरिझिओचे संत लिओनार्ड या फ्रान्सिस्कन उपदेशकानें पांचशेंहून अधिक ठिकाणीं ती स्थापिली. १७५० सालीं रोमच्या कोलोसियमांतही त्यानेंच मांडली.

म्हणजे उपवासकाळांतील शुक्रवारीं आपण गुडघे टेकीत ज्या चौदा चित्रांपुढून जातों, ती गरिबांची यरुशलेमयात्रा आहे. ती मूळ यात्रेची नक्कल आहे असें कोणी म्हणेल. पण इतिहासाची एक गोष्ट सांगतों. चौदांपैकीं कांहीं स्थानें, जसें प्रभूचें तीन वेळां पडणें किंवा वेरोनिकेनें तोंड पुसणें, शुभवर्तमानांत नाहींत. तीं भक्तांच्या परंपरेंतून आलीं. यरुशलेमचा आजचा तो रस्ताही पहिल्या शतकांतील रस्त्याच्या कित्येक फूट वर आहे, आणि स्थानांची संख्या व क्रम पुष्कळसा युरोपांत रूढ होऊन मग तेथील गल्लींत स्थिरावला. तेव्हां मूळ कोणतें आणि नक्कल कोणती, हें वाटतें तितकें सोपें नाहीं. घरीं राहिलेल्यांच्या भक्तीनें जाऊन आलेल्यांची वाट घडविली आहे.

आपल्या मराठी भाषेंत ही भूमि कोणीं आणिली? फादर थॉमस स्टीफन्स यांनीं. इंग्लंडांत जन्मलेले हे येशूसंघी १५७९ च्या ऑक्टोबरांत आफ्रिकेस वळसा घालून गोव्यास उतरले. त्या जलमार्गांत ख्रिस्तभूमि लागत नव्हती. त्यांनीं रचलेलें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या, पहिलें पुराण जुन्या कराराचें, दुसरें नव्या कराराचें. बेथलेहेम, यार्देन, यरुशलेम हीं नांवें मराठी ओवीच्या चालींत बसविणारा हा पहिला मोठा ग्रंथ. तेथें कधींही न जाणाऱ्या श्रोत्यांस तो ऐकवावयाचा होता. देवनागरी लिपींत छापलेली त्याची आवृत्ति पुण्याहून १९५६ सालीं निघाली. पुढें १९०३ सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनीं 'निरोप्या' मासिक सुरू केलें. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील आपल्या लोकांस ख्रिस्तभूमीची खबर मराठींतून मिळण्याची सोय झाली ती अशी.

आणि आपल्या जालना जिल्ह्यांत तर जुन्या करारांतील एक गांवच आहे. मुंबईस १८४३ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं स्कॉटिश मिशनच्या वतीनें जालन्यास काम केलें आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांची वसाहत उभारून तिला बेथेल हें नांव दिलें. ते आपल्या पंथाचे नव्हत. तथापि नांव कसें निवडावें हें त्यांस कळत होतें. भावाच्या भीतीनें घर सोडून निघालेल्या याकोबानें उशाला धोंडा घेऊन उघड्यावर रात्र काढिली, स्वप्नांत स्वर्गास टेकलेली शिडी पाहिली, आणि त्या माळास देवाचें घर, बेथेल, म्हटलें. घरादारास मुकलेल्या नव्या ख्रिस्ती माणसांना राहावयास दिलेल्या माळास दुसरें कोणतें नांव शोभलें असतें? आपला मुलूख त्या वेळीं हैदराबाद संस्थानांत होता. त्याच संस्थानाचे लान्सर घोडेस्वार १९१८ सालीं, पहिल्या महायुद्धांत, पॅलेस्टाईनच्या मोहिमेवर होते. दिल्लीस १९२२ सालीं उभारलेल्या तीन मूर्तींपैकीं एक हैदराबादची आहे. पण तलवारीनिशीं झालेल्या त्या प्रवासास यात्रा म्हणवत नाहीं.

जालना-राजूर रस्त्याविषयीं आणखी एक सांगावयाचें राहिलें. यरुशलेम ते यरीहो हें अंतरही जवळपास तेवढेंच आहे. डोंगरावरचें शहर सोडून ती वाट उजाड खडकांतून हजार मीटरांहून अधिक खालीं उतरत यार्देनेच्या खोऱ्यांत जाते. प्रभूनें सांगितलेल्या दाखल्यांतील वाटसरू ह्याच वाटेवर लुटला गेला. याजक बाजूनें निघून गेला, लेवी निघून गेला, आणि परक्या जातीचा शोमरोनी थांबला. अंगारकीच्या रात्रीं आपल्या दाराशीं कोणी पायांत पेटके येऊन बसला असेल तर त्याची जात आणि देव कोणता, हें विचारण्याआधीं हा दाखला आठवावा.

त्या शोमरोन्यांच्याच प्रदेशांत, आजच्या नाब्लुस शहराजवळ, याकोबाची विहीर आहे. ख्रिस्तभूमींतील पुष्कळ स्थळांविषयीं विद्वानांत वाद आहेत. या विहिरीविषयीं फारसा नाहीं. ती चाळीस मीटरांच्या आसपास खोल आहे, वर ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आहे, आणि यात्रेकरू आजही तिचें पाणी शेंदून पितात. मला तिकडे जावयास मिळालें तर प्रथम येथें जावेंसें वाटतें. भर दुपारीं, बायका सहसा पाण्यास येत नाहींत अशा वेळीं, एक बाई घागर घेऊन एकटी आली. कांठावर एक दमलेला यहूदी बसलेला. यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यास शिवत नसत. त्यानें तिच्यापाशीं पाणी मागितलें.

हा प्रसंग मराठवाड्यांतील ख्रिस्ती माणसास टीकाग्रंथ उघडून समजून घ्यावा लागत नाहीं. आपल्यांतील कित्येकांच्या आजेपणजांस गांवच्या विहिरीवर पोहरा सोडण्याची मुभा नव्हती. कांठापासून दूर उभें राहावें, कोणास दया येईल तेव्हां त्यानें वरून ओतावें, आपण तें झेलावें. शिवलें तर विहीर बाटली. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. केवळ पाणी पिणें हा सत्याग्रह व्हावा, असा तो काळ होता. अशा माणसांना मिशनच्या शाळेंत बसवून जेव्हां प्रथम सांगण्यांत आलें कीं, देवाचा पुत्र अशाच एका बाटलेल्या मानलेल्या बाईच्या घागरीचें पाणी मागतो, तेव्हां त्यांच्या मनांत काय झालें असेल? धर्मांतराचीं कारणें शोधणाऱ्यांनीं अनेक कारणें लिहिलीं आहेत, दुष्काळ, धान्य, शाळा. तीं खोटीं नाहींत. पण ही विहीर त्या यादींत घातल्यावांचून ती यादी पुरी होत नाहीं. आणि विहिरीची लाज आपल्यांतून सर्वस्वी गेली आहे असेंही म्हणवत नाहीं; लग्नकार्यांत आपणच ख्रिस्ती माणसें एकमेकांची मूळची जात हळूच विचारून घेतों, हें आपण जाणतों.

त्याच विहिरीवर यात्रेचा प्रश्नही निघाला होता. बाईनें विचारलें, उपासना आमच्या गरिज्जीम डोंगरावर करावी कीं यरुशलेमास? तिला मिळालेलें उत्तर योहानाच्या चौथ्या अध्यायांत आहे. ज्यांस घरच्या मुलास उत्तर द्यावयाचें आहे त्यांनीं तें काढून वाचावें. शोमरोनी समाज आज हजाराच्या आंतला उरला आहे, पण ते लोक अद्याप त्याच डोंगरावर वल्हांडणाचे कोंकरू कापतात.

आपल्या काळांतील दोन प्रवासांचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. पोप सहावे पॉल हे १९६४ च्या जानेवारींत यरुशलेमास गेले. अर्वाचीन काळांत तेथें जाणारे ते पहिलेच पोप. कॉन्स्टँटिनोपलचे पात्रिआर्क अथेनागोरस यांस त्यांनीं तेथें आलिंगन दिलें, आणि नऊशें वर्षांची भाऊबंदकी थोडी सैल झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेच पोप आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठीं मुंबईस आले. दुसरे प्रवासी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० सालच्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. २०२४ च्या जुलैंत ते निवर्तले. 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' ह्या त्यांच्या पुस्तकाचें नांवच बोलकें आहे. त्या भूमीकडे नुसत्या दगडांची भूमि म्हणून त्यांनीं पाहिलें नाहीं. तेथें राहणाऱ्या, एकमेकांस भिणाऱ्या दोन समाजांचें दुःख त्यांस अधिक दिसलें. आपला यात्रेकरू तेथें गेला तर त्यास मराठीही ऐकूं येऊं शकेल, हें थोड्यांस माहीत असतें : कोंकणांतील बेने इस्राएल, आपले शनिवार तेली, १९४८ नंतर मोठ्या संख्येनें तिकडे गेले, दिमोना, अश्दोद, लोद अशा गांवीं वसले, आणि 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही त्यांनीं तेथून काढिलें.

२०२३ च्या ऑक्टोबरांत युद्ध पेटलें आणि यात्रेकरूंचा ओघ आटला. त्या वर्षींचा आणि त्यापुढच्या वर्षींचा नाताळ बेथलेहेमांत दिव्यांच्या माळांवांचून गेला. यात्रेकरूंवर ज्यांची चूल पेटते, ते जैतुनाच्या लांकडाच्या मूर्ति कोरणारे कारागीर, खाणावळवाले, वाटाडे, बहुतेक तेथील ख्रिस्तीच. गाझांत कॅथलिकांचें एकच चर्च आहे, पवित्र कुटुंबाचें. त्यावरही १७ जुलै २०२५ रोजीं तोफेचा गोळा पडून आंत आसरा घेतलेल्यांपैकीं तिघे मरण पावले.

पोप तेरावे लिओ यांनीं १८८७ सालीं असा नियम केला कीं, वर्षांतून एकदां जगांतील प्रत्येक चर्चनें ख्रिस्तभूमीसाठीं दान गोळा करावें. तेंच दान गुड फ्रायडेच्या दिवशीं घेतलें जातें. त्याचा मोठा वाटा फ्रान्सिस्कन संघाकडे जातो व त्यांतून तेथील मंदिरांची डागडुजी, शाळा, गरीब कुटुंबांचीं घरें चालतात. क्रुसाचें चुंबन घेऊन परततांना ताटांत नाणें टाकितांना आपल्यांतील पुष्कळांस तें कोठें जातें हें ठाऊक नसतें. तें येथून धर्मप्रांताच्या हवालीं होतें, आणि तेथून पुढें यरुशलेमास जातें.